ओल फुकटात तपासतात, बिल मात्र रंगाचं येतं

विश्लेषण

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला. २४ मे २०२५ ला मान्सून केरळात पोचला आणि २६ मे ला मुंबईत. कोकणात ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत सरी चालूच होत्या. भाताचं नुकसान डोळ्यांना दिसलं, पंचनाम्याची मागणी झाली. घरांच्या भिंतींनी मात्र पाच महिने पाणी पिऊन घेतलं, त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

आता लांजा, राजापूर, संगमेश्वरकडच्या कितीतरी घरांत कपाट पुढे ओढलं की मागे काळे ठिपके दिसतात. रंगाचे पोपडे सुटलेत, गाद्यांना कुबट वास येतो. गणपतीला येऊन गेलेल्या चाकरमान्यांची घरं बंद आहेत, तिथे तर आत पाऊल टाकल्या टाकल्या नाकाला कळतं. आणि नेमक्या याच दिवसांत मोबाईलवर जाहिरात येते : भिंतीची ओल मोफत तपासून मिळेल.

मोफत म्हटल्यावर माणूस बोलावतोच. तो मशीन भिंतीला लावतो, मशीन टूं टूं वाजतं, आणि लगेच कागदावर केमिकल, पुट्टी आणि रंगाचा हिशेब मांडला जातो. दहा-वीस हजारांचं काम सहज निघतं. पुढच्या श्रावणात डाग पुन्हा त्याच जागी उभा. सगळेच फसवतात असं नाही, चांगलं काम करणारेही आहेत. पण ज्याचं पोट केमिकलवर आहे, तो 'तुमची पन्हळ फुटलीय, तेवढी दुरुस्त करा' असं सांगेल का, हा साधा प्रश्न आहे.

तपासणारा वेगळा, काम करणारा वेगळा

अमेरिकेत घरातली बुरशी तपासणं हा एक स्वतंत्र धंदा आहे. तिथेही हाच घोळ झाला. तपासणाराच सफाईचा ठेका घ्यायचा, मग घरात बुरशी सापडल्याशिवाय राहील कशी? म्हणून टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क अशा राज्यांनी परवाना पद्धत आणली. न्यूयॉर्कचा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात मुख्य अट ही की एका कामात तपासणी आणि सफाई एकाच परवानाधारकाला करता येत नाही.

आपल्याकडे बुरशी तपासणाऱ्याला असा परवाना नाही. मशीन विकत घेतलं की झाला तज्ज्ञ. त्यामुळे ही अट घरमालकालाच स्वतः पाळावी लागते. तपासून घ्यायचं एकाकडून, काम द्यायचं दुसऱ्याला. ओळखीचा डिप्लोमा झालेला सिव्हिल इंजिनिअर किंवा जुना जाणता गवंडी एक तास घर बघायला आला आणि त्याने पाचशे-हजार रुपये घेतले, तरी ते वीस हजारांच्या रंगापेक्षा स्वस्तच पडतं.

मशीनवरचा आकडा

भिंतीला दोन टोकं टोचून जे मशीन आकडा दाखवतं, ते खरं तर वीज किती सहज वाहते ते मोजतं. ओल असली की वीज सहज वाहते. पण भिंतीत क्षार असले तरी तसंच होतं. खाडीकाठच्या गावांत, किंवा जिथे भिंतीला लोणा लागून मिठासारखी पांढरी पूड सुटते तिथे, भिंत थोडीच ओली असली तरी मशीन मोठा आकडा दाखवू शकतं. शिवाय यातली बरीच यंत्रं लाकडासाठी जुळवलेली असतात. तेव्हा एका जागेचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. त्याच भिंतीवर खाली, मध्ये आणि वर असे आकडे घेऊन तुलना केली तर काहीतरी हाती लागतं.

हवेतली बुरशी लॅबमध्ये तपासून देतो असं सांगणारेही शहरात आहेत. बुरशीचे बीजाणू सगळ्याच हवेत असतात, ते सापडणारच. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना तपासायची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिनेही बुरशीचा 'इतकी चालेल' असा सुरक्षित आकडा दिलेला नाही. तिचा भर ओल थांबवण्यावर आहे. पाणी कुठून येतंय ते सापडलं, तर तपासणी झाली. ते सापडलं नाही तर पाच पानी रिपोर्टही वायाच.

घरकुलात तपासणी कुठे थांबते

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान मिळतं. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. योजनेत ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यायचं. हा नियम चांगल्यासाठीच आहे. हप्ते कामाच्या टप्प्यांना जोडलेत आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो मोबाईलवरून जागेच्या नोंदीसह चढवला जातो.

पण या फोटोत जोतं दिसतं, भिंत दिसते, छप्पर दिसतं. जोत्यावर ओल अडवणारा थर टाकला की नाही, ते पूर्ण घराच्या फोटोत दिसत नाही. स्लॅबला पाणी वाहून जायला उतार आहे का, छज्जाखाली पाणी तोडणारी खाच ठेवली का, तेही दिसत नाही. हे सगळं दाखवतो तो पहिला पाऊस, आणि तोवर शेवटचा हप्ता निघून गेलेला असतो. ठेकेदारच नाही, मग तक्रार कोणावर करायची? गवंड्याकडे बिल नसतं, करार नसतो. रंगाला वीस हजार गेले तर १ लाख २० हजारांच्या अनुदानाचा सहावा हिस्सा गेला. ज्याच्याकडे तेवढेही नाहीत, तो पोरांना घेऊन त्याच भिंतीला टेकून झोपतो.

दुसरं कारण घाईचं. मे महिन्यात गिलावा, जूनच्या पहिल्या सरीला गृहप्रवेश, असं कितीतरी घरांचं होतं. बांधकामात आणि गिलाव्याला मारलेलं पाणी भिंतीतच असतं. ते सुकायच्या आत वर पुट्टी आणि प्लास्टिकचा रंग बसला की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. जांभा चिरा तर पाणी शोषणाराच दगड. जुन्या घरांना चुन्याचा गिलावा होता, तो वाफ बाहेर सोडायचा. कौलांची वळचण लांब असायची, पागोळ्या भिंतीपासून दूर पडायच्या. चुलीच्या उबेने माळाही कोरडा राहायचा. स्लॅबचं चौकोनी घर आलं, पण वळचण मात्र गेली.

इंग्लंडमध्ये पोर गेलं, तेव्हा कायदा झाला

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. नुकताच दोन वर्षांचा झाला होता. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाचा आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिकृत चौकशीत निघाला. त्याच्या वडलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं होतं : वरून रंग मारून घ्या.

त्या मुलाच्या नावाने झालेला कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक घरांना लागू झाला. ओल-बुरशीच्या मोठ्या धोक्याची तक्रार आली तर घर देणाऱ्या संस्थेने १० कामाच्या दिवसांत तपासणी करायची, तपासणी संपल्यावर ३ कामाच्या दिवसांत लेखी कळवायचं आणि ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. जिवाचा तातडीचा धोका असेल तर २४ तासांत.

तो कायदा भाडेकरूंसाठी आहे. आपला घरकुलवाला स्वतःच मालक, त्याला कोणाकडे बोट दाखवायला जागा नाही. पण 'रंग मारून घ्या' हे उत्तर तिथे आणि इथे सारखंच ऐकायला मिळतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तालुक्याच्या ठिकाणी फ्लॅट घेतलेल्यांची गोष्ट वेगळी. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. तक्रार लेखी द्यावी आणि फोटो जोडावेत.

ही ती 'काळी बुरशी' नव्हे

भिंतीवर काळं दिसलं की २०२१ च्या कोरोनातली काळी बुरशी आठवून माणसं घाबरतात. तो म्युकरमायकोसिस नावाचा आजार होता. साखर आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना तो प्रामुख्याने झाला. भिंतीवरचे काळे ठिपके सहसा वेगळ्या बुरशीचे असतात. पण म्हणून ते निरुपद्रवीही नाहीत. ओलसर घरात दम्याचा त्रास वाढतो, सर्दी-खोकला मागे लागतो. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आधी टीबी होऊन गेलेले यांना जपावं लागतं. पोराचा खोकला पावसाळाभर हटत नसेल तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दलही सांगायला हवं, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

घरच्या घरी तपासणी

पाणी कुठून येतं हे बरंचसं डागाच्या जागेवरून कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल तर ती जोत्यातून वर चढतेय. छताच्या कोपऱ्यात असेल तर स्लॅब, कठडा किंवा पन्हळ बघावी. फक्त पावसाच्या झडीच्या बाजूची भिंत ओली असेल तर पाणी बाहेरून आत झिरपतंय. उन्हाळ्यातही डाग ओलाच राहत असेल तर नळाची पाइप किंवा न्हाणीघर. रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पाण्याला खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल तर गळती आहे. आणि कपाटामागे, माळ्यावर, कोंडलेल्या खोलीत पसरलेले ठिपके असतील तर हवा खेळत नाही.

अजून शंका असेल तर प्लास्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली. या तपासणीला वीस रुपयेसुद्धा लागत नाहीत.

घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, असा सल्ला इंटरनेटवर मिळतो. जुलैच्या कोकणात बाहेरची हवाच त्याच्या कितीतरी वर असते, तिथे खिडक्या उघडून ६० कसे होणार? इथे जमतं ते एवढंच : उघडीप मिळाली की दारं-खिडक्या उघडायच्या, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायचं. बंद घराची किल्ली शेजारी दिलेली असेल तर ऊन पडलेल्या दिवशी तासभर घर उघडायला सांगायचं.

ठिपके तीन बाय तीन फुटांच्या आत असतील तर घरीच पुसता येतात. तोंडाला मास्क, हाताला मोजे, साबणाचं पाणी, आणि नंतर भिंत पूर्ण कोरडी करायची. कोरडा ब्रश घासला तर बीजाणू घरभर उडतात. ब्लिचिंग आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आणि मूळ पाणी थांबलं नाही तर पुसलेलं परत येणारच.

पंचायतीला काय करता येईल

घरकुलांची पहिल्या पावसानंतर एकदा तपासणी व्हावी, ही मागणी ग्रामसभेत ठरावाने करता येते. पंचायत समितीकडे ग्रामीण गृहनिर्माण अभियंते आहेत. एका घराला अर्धा तास पुरतो. चार ओळींचा छापील कागद हवा : ओल कुठे, पाणी कुठून, काय करायचं, अंदाजे खर्च. त्यावर सही हवी. हा कागद हातात असला तर लाभार्थी दुकानदाराच्या हिशेबावर अवलंबून राहणार नाही. आणि एका गावात दहा घरांना एकच दोष निघाला, तर पुढची घरं बांधताना तो टाळता येईल.

गवंड्याशी बोलतानाही एक गोष्ट ठरवता येते : मजुरीतला थोडा भाग पहिला पाऊस गेल्यावर द्यायचा. गवंडीही हातावर पोट असलेला माणूस, त्याची सगळी मजुरी अडवणं बरोबर नाही. पण दोन-तीन हजार राहिले तर तो गळती बघायला परत येईल.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी बाहेरचं : भिंतीला लागलेली माती आणि लाकडांचा ढीग हटवायचा, पाणी भिंतीपासून लांब जाईल असा उतार काढायचा, पन्हळ आणि कठड्याच्या भेगा दुरुस्त करायच्या. हे डिसेंबर-जानेवारीत. मग भिंतीला उन्हाळा घेऊ द्यायचा. रंग सगळ्यात शेवटी, एप्रिलनंतर, तोही भिंत कोरडी असेल तरच.

डाग मात्र आत्ताच नीट दिसतायत. थंडीत भिंत सुकली की ते फिके पडतात आणि पाणी कुठून आलं याची खूण पुसते. त्यामुळे प्रत्येक डागाचा तारखेसह फोटो या आठवड्यातच काढून ठेवावा. इंजिनिअर येवो, गवंडी येवो नाहीतर रंगवाला येवो, आधी त्याला तो फोटो दाखवून विचारायचं : पाणी कुठून येतंय ते सांग, रंगाचं नंतर बघू.