पाऊणकी, भरती आणि पूरग्रस्त मुले

हिंदमाता परिसर बशीसारखा सखल. आजूबाजूचे पाणी तेथे येऊन साचते आणि समुद्राला भरती असली की त्याची बाहेर जाण्याची वाटही अडते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हापासून पुराची चर्चा नाले, पंप आणि नुकसानभरपाई यांभोवती फिरत आली आहे. घरात पाणी शिरलेल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार मात्र बहुधा वह्या-पुस्तकांच्या वाटपापाशीच थांबतो.

पाणी ओसरताच शाळा राहिलेला अभ्यासक्रम उरकू लागतात. वास्तविक, आभाळ भरून येताच ज्याला धडकी भरते, त्या मुलाला पाण्याचेच गणित अधिक जवळचे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लिटरच्या 50 कळशा भरतील. मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आखलेली होती. मग उरलेल्या 25 कळशांचे काय, हे मुलेच विचारतील.

याहून मोलाचा ठेवा कोळीवाड्यांत आणि कोकणातून गिरणगावात आलेल्या कुटुंबांत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आजोबांच्या तोंडची ही पाऊणकी महापालिकेने जाहीर केलेल्या वेळेशी ताडून पाहावी आणि फरक का पडतो तेही शोधावे. अपूर्णांक तर कळतीलच. शिवाय घरचे ज्ञान शाळेत मानाने प्रवेश करील.

मुलांच्या जखमेवरची खपली कशाला काढायची, हा आक्षेप रास्त आहे. भेदरलेल्या मुलाला आधी निवारा, सोबत आणि गरजेनुसार समुपदेशन मिळालेच पाहिजे. त्याच्या घरच्या नुकसानीचा हिशेब फळ्यावर कदापि मांडू नये. गणित हे भीतीवरचे औषध नव्हे. परंतु ज्याचे माप घेता येते, ते संकट निदान अगम्य राहत नाही.

यासाठी लागणारे साहित्य म्हणजे सरळ बाजूंचे एक भांडे, एक पट्टी आणि एक पंचांग. खरी गरज आहे ती शिक्षकाला पाठ्यक्रमातून चार तास मोकळे देण्याची. भूमिगत टाक्यांवर आणि पंपांवर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या शहराला हे चार तास जड जाऊ नयेत.