एक प्रश्न, दोन बरोबर उत्तरं

परवा नातू सामान्यज्ञानाची वही घेऊन आला. "आजोबा, २०२५चा महाराष्ट्र केसरी कोण?" मी विचारलं, "कोणत्या संघटनेचा?" तो बघतच राहिला. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके! उभा जन्म पेपर तपासण्यात गेला, पण अशा प्रश्नाला गुण कसे द्यायचे ते मला कळेना.

मंडळी, हसण्यावारी नेऊ नका. संस्थानं गेली, तसा मल्लांचा राजाश्रय गेला. १९५२ साली खाशाबा जाधवांनी ऑलिम्पिक पदक आणलं, आणि पुढच्याच वर्षी मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. १९६१ला औरंगाबादेत पहिली महाराष्ट्र केसरी झाली, दिनकर दह्यारी जिंकले. मग जिल्ह्याजिल्ह्यांतून निवड, माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींच्या विजेत्यांची शेवटची लढत, अशी घडी बसली. आमच्या कात्रजच्या कुस्ती संकुलाला मामासाहेबांचंच नाव आहे.

ही घडी विस्कटली कशी? परिषदेत वर्षानुवर्षं त्याच त्या माणसांनी खुर्च्या धरून ठेवल्या. २०२२मध्ये भारतीय कुस्ती महासंघानं परिषद बरखास्त केली. तेव्हा अध्यक्ष शरद पवार होते. नव्या राज्य कुस्तीगीर संघाचे अध्यक्ष झाले भाजपचे रामदास तडस. वाद न्यायालयात गेला. २०२३ या एका वर्षात महाराष्ट्र केसरीच्या तीन स्पर्धा झाल्या: जानेवारीत कोथरूडला, नोव्हेंबरात धाराशिव आणि फुलगावला. आणि गंमत पाहा, परिषदेला शिस्त शिकवणाऱ्या महासंघालाच ऑगस्ट २०२३मध्ये जागतिक संघटनेनं निलंबित केलं!

काही जण म्हणतात, "दोन स्पर्धा झाल्या तर बिघडलं काय? पोरांना दुप्पट संधी." साफ चूक! नरसिंग यादव आणि विजय चौधरी तीन-तीनदा केसरी झाले, दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले. गरिबाच्या पोराला ही गदा म्हणजे भाकरी आहे. उद्या कोणी म्हणालं की तुझी गदा खरी नव्हे, तर त्यानं कुठे दाद मागायची?

माझा एक जुना विद्यार्थी दुधाचा रतीब घालतो. मुलाला तालमीत ठेवलंय. बदाम, तूप, दूध यांतच कमाई संपते. परवा दारात उभं राहून विचारत होता, "गुरुजी, पोराला कोणाकडं खेळवू? एकीकडं गेलं की दुसरी दारं बंद करतील अशी भीती वाटते." मला उत्तर देता आलं नाही. दूध मात्र त्यानं नेहमीसारखं माप सोडून थोडं जास्तच घातलं.

२०२५मध्ये शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, त्याला तीन वर्षांची बंदी झाली. योग्यच झालं. पण मामासाहेबांच्या घडीला लाथ मारणाऱ्यांना बंदी कोण घालणार? दोन्ही गट मातीला नमस्कार करून भाषणं देतात. खरा नमस्कार करायचा असेल तर एका मैदानात या, एक गदा द्या, आणि संघटनेत माजी मल्लांना मत द्या. नेत्यांनी पुढच्या रांगेत बसून खुशाल टाळ्या वाजवाव्यात.

नातवाच्या वहीतली ती ओळ अजून कोरीच आहे. तुम्ही काय लिहाल?