भरल्या घरांतील एकटेपण

“घरांत दहा माणसें असतां तिला काय कमी होतें?” एखाद्या घरीं कोणी आपल्या हातानें जीवन संपविलें म्हणजे समाचाराला येणाऱ्या मंडळींच्या तोंडीं हाच प्रश्न असतो. भरलें घर हें आपोआपच संरक्षण होय, आणि असें कृत्य एखाद्याच कारणानें घडतें, अशा दोन समजुती त्यांत दडलेल्या आहेत. दोन्ही तपासून पाहिल्या पाहिजेत.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें १८९७ सालीं आत्महत्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. निरनिराळ्या देशांचे व धर्मपंथांचे आंकडे ताडून त्यानें दाखविलें कीं, जेथें माणसें एकमेकांशीं घट्ट बांधलेलीं असतात तेथें हें प्रमाण सामान्यतः कमी असतें. एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यांना हें वाचून समाधान वाटेल. परंतु त्याच ग्रंथांत असेंहि आहे कीं, विवाहाचा आधार पुरुषास जितका लाभतो तितका स्त्रीस लाभत नाहीं. आणि बंधन फार आवळलें गेलें तर तेंहि जिवावर येतें.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालांत १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. राज्यांमध्यें महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी. शेंकडा सुमारें ३२ ठिकाणीं ‘कौटुंबिक अडचणी’ हें कारण लिहिलें आहे, तर शेंकडा १८ ठिकाणीं आजार. मृतांत पुरुष स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहेत. पण मृत स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. अर्थात् नोंदवहीच्या रकान्यांत एकच कारण मावतें; प्रत्यक्षांत मनाचा आजार, कर्ज, दारू, अपमान, जुनाट दुखणें आणि बोलावयास कोणी नसणें, अशा अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

माझ्या आजोळीं चौदा माणसांचें घर होतें. दुसऱ्या बाळंतपणानंतर धाकटी मामी हंसेनाशी झाली. तिला झोंप येईना, जेवण जाईना. एके दिवशीं तिनें आपल्या पाटल्या नणंदेपुढें ठेवल्या आणि म्हणाली, “माझ्या मुलींना सांभाळा.” घरच्यांना तें विचित्र वाटलें, अर्थ मात्र एकट्या आजीनें ओळखला. दुपारीं माजघरांत तिला जवळ बसवून आजीनें सरळ विचारलें, “मुली, जिवाचें कांहीं बरेंवाईट करावें असें मनांत येतें का?” मामी बराच वेळ रडली, मग बोलली. आजीनें उपदेश केला नाहीं, मुलांची शपथ घातली नाहीं. रात्रभर तिच्याजवळ निजली व सकाळीं स्वतः तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. बरें वाटावयास कित्येक महिने लागले. आज मामी नातवंडें खेळवीत आहे.

विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरतो, ही भीति निराधार आहे. विचारल्यानें मनुष्याला बोलावयास वाट मिळते. शिवाय तीव्र निराशेचा क्षण बहुधा ओसरतो. तेवढा वेळ त्याला सांभाळलें पाहिजे. श्रीलंकेंत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानें बंदी आली, आणि १९९५ नंतर तेथील आत्महत्यांचें प्रमाण पुष्कळच उतरलें. यास्तव घरांतील औषधें व शेतीचीं विषारी द्रव्यें कुलुपांत ठेवणें ही लहान गोष्ट नव्हे.

लौकिकाच्या किंवा पोलिसांच्या भयानें कित्येक कुटुंबें अशी गोष्ट लपवितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असें गृहीत धरून तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारें जुनें कलम राहिलेलें नाहीं. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते व तेथें मराठींतहि बोलतां येतें.

आपल्या घरीं पंगतींत कोण हल्लीं मुकाट्यानें उठून जातें, कोण आपल्या वस्तु वाटूं लागलें आहे, पूर्वी बोलका असलेला कोण अबोल झाला आहे, इकडे वडील मंडळींनीं लक्ष द्यावें. आणि शंका आली तर उद्यांवर न टाकतां त्याच दिवशीं, एकांतांत, मायेनें विचारावें.