बाग कोणासाठीं?

पोर्तुगाल देशांत माँडेगो नदीच्या कांठीं कोइंब्रा नांवाचें विद्येचें जुनें शहर आहे. तेथील विश्वविद्यालयाची सुधारणा करतांना राजा जोसे याचा प्रधान पोंबाल यानें १७७२ सालीं वनस्पतिशास्त्राच्या बागेची स्थापना करविली. प्राध्यापकांनीं तिचा आराखडा तयार केला. परंतु तो इतका थाटाचा व खर्चाचा होता कीं, १७७३ सालीं पोंबालनें तो नाकारिला. बाग मुलांच्या अभ्यासासाठीं हवी, राजेरजवाड्यांच्या डामडौलासाठीं नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

हा नकार कृपणाचा नव्हे. १७५५ च्या भूकंपानें उद्ध्वस्त झालेलें लिस्बन शहर ज्यानें पुन्हां उभारविलें, त्याला खर्चाचें भय कसलें? पैसा कशासाठीं वेंचावा, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्याचें फळही दिसून आलें. १७९१ पासून ब्रोतेरो नामक विद्वानानें ही बाग सांभाळिली व १८०४ सालीं पोर्तुगालच्या वनस्पतींवर आपला प्रसिद्ध ग्रंथ छापविला. आज त्याचा पुतळा त्याच बागेंत आहे.

कोणी म्हणेल, पुढें तेथें कारंजें आलें, सुंदर लोखंडी दरवाजे आले. मग डामडौल टळला कोठें? खरें आहे, पण तेथें शोभा आली ती अभ्यासाच्या पाठोपाठ आली. आज सुमारें ३२ एकरांच्या त्या बागेंत लिंडन वृक्षांच्या रांगा आहेत, वेळूचें बन आहे, आणि नगरवासी तेथें खुशाल फिरतात. २०१३ सालीं विश्वविद्यालयाबरोबर तिचीही जागतिक वारशांत गणना झाली.

आतां आपल्याकडे पाहूं. शाळेंत पाहुणे यावयाचे असले म्हणजे आपण कुंड्या रंगवितों व ओळीनें मांडतों. पण त्यांतील रोपांचीं नांवें किती विद्यार्थ्यांस सांगतां येतील? उलट एखादा मुलगा कळी उमलतांना पाहत घटकाभर उभा राहिला, तर 'वेळ फुकट दवडतोस' म्हणून घरीं त्याचीच कानउघाडणी होते. पालकहो, तो वेळ फुकट जात नाहीं. तोही अभ्यासच आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या आवारांतील पांच झाडें तरी या वर्षीं नीट ओळखा : त्यांना पालवी केव्हां फुटते, मोहोर केव्हां येतो, बीं कसें पडतें, हें स्वतः पाहून वहींत लिहा. असें झालें म्हणजे आपली चार वाफ्यांची बागही खरोखर विद्यार्थ्यांची बाग होईल.