खरेदीची किल्ली कोणाकडे?

सरकारी खरेदीवरून बोभाटा झाला की आपल्याकडे उपाय ठरलेला : काम या खात्याकडून काढायचे, त्या महामंडळाला द्यायचे. महाराष्ट्राच्या औषधखरेदीचेच पाहा. २०१७ मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे सोपवली. निविदा रखडतात अशी ओरड झाली, तेव्हा २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण काढले. टेबल बदलले, टेबलामागच्या अधिकाऱ्याची नेमणूक आणि बदली सरकारच्याच हाती राहिली.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने नेमका हाच हात धरला. तिथले माजी गव्हर्नर जॉर्ज रायन २००६ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरले; मर्जीतल्यांकडे कंत्राटे वळवल्याचा आरोप त्यात होता. त्यांच्यानंतर स्वच्छ कारभाराची ग्वाही देत आलेले रॉड ब्लागोयेविच डिसेंबर २००८ मध्ये अटकेत गेले आणि पुढच्याच महिन्यात महाभियोगाने पदावरून गेले. लागोपाठ दोन गव्हर्नर! मग विधिमंडळाने कायदाच बदलला. जुलै २०१० पासून मुख्य खरेदी अधिकारी नेमण्याचे काम नीतिमत्ता आयोगाकडे गेले. रस्ते, सरकारी बांधकामे, विद्यापीठे आणि उरलेली खाती यांना प्रत्येकी एक, असे चार अधिकारी. मुदत पाच वर्षांची, आणि सबळ कारणाशिवाय हटवता येणार नाही. खात्याखात्यांत बसणारे खरेदी अधिकारीही याच चौघांनी नेमायचे. निविदेबाबत पुरवठादाराने अधिकाऱ्याला साधा फोन केला, तरी तो कधी आला, कोण बोलले, काय मागितले, हे लेखी कळवायचे. आपल्या मंत्रालयात हा नियम आला तर नोंदवहीचीच निविदा काढावी लागेल!

हे सारे सुरळीत झाले असे नाही. प्रयोगशाळेच्या उपकरणालाही तीच चाळणी लागते, अशी विद्यापीठांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. २०१७ मध्ये नियम काहीसे सैल करावे लागले. आयोगाच्या नऊपैकी पाच सदस्य गव्हर्नरच नेमतो, तेव्हा त्याचा हात पुरता सुटला असेही नाही. तरीही मर्जीच्या माणसाला कंत्राट मिळवून देण्यासाठी तिथे आता एका फोनवर भागत नाही. खरेदी अधिकारी गव्हर्नरच्या तोंडावर नाही म्हणू शकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसतो.

आपल्या प्राधिकरणातल्या अधिकाऱ्याला हे बळ कोणी दिले आहे? ई-निविदा आल्या, सरकारी खरेदीचे जेम पोर्टल आले. पण निविदेच्या अटी एखाद्याच कंपनीच्या मापाने बेतल्या, तर संगणक काय करणार? त्या अटी नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला निश्चित मुदत हवी आणि त्याला हटवायचे तर कारण विधिमंडळापुढे ठेवण्याची सक्ती हवी. येत्या अधिवेशनात २०२३ च्या कायद्यात एवढी दुरुस्ती करून दाखवावी.