पाठीवरची गोणी सेन्सरला दिसत नाही

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाट्याच्या गाड्या लागल्या की माथाडी 50 किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढतो. पाऊल जपून पडते, धड जवळजवळ स्थिर असते, दम मात्र पुरता लागतो. गोणी टाकली की तीच फळी तो झपझप उतरतो. अशा माणसाच्या छातीत अ‍ॅक्सेलरोमीटरवर चालणारा रेट-रिस्पॉन्सिव्ह पेसमेकर असेल, तर तो धडाची हालचाल मोजतो. ओझे त्याला कळत नाही. चढताना ठोके अपुरे पडतात आणि उतरताना गरज नसताना वाढतात. जिन्यावरच्या चाचण्यांत हा उलटा प्रकार फार पूर्वीच दिसला आहे. तरीही कितीतरी रुग्ण कारखान्याच्या सेटिंगवरच घरी जातात.

ते सेटिंग सपाटीवर चालणाऱ्यासाठी बेतलेले असते. गाळ्यावर बसून हिशेब पाहणाऱ्या व्यापाऱ्याला ते पुरते. सायनस नोड मंदावलेल्या हमालाला पुरत नाही, कारण जड श्रमात हृदयाला जास्त रक्त पुरवायचे तर मुख्य भिस्त ठोक्यांवरच असते. मिनिट व्हेंटिलेशन सेन्सर श्वासावरून श्रम ओळखतो, पण नुसते हात हलवले तरी फसतो. उजव्या जवनिकेतला विद्युतरोध मोजणारी क्लोज्ड लूप पद्धत श्रमाच्या अधिक जवळ जाते.

एव्ही ब्लॉकमध्ये सायनस नोड शाबूत असेल, तर सेन्सरमागे धावण्यात अर्थ नाही. तिथे आधी वेळांचे गणित पाहावे. एव्ही डिले 200 आणि पीव्हीएआरपी 300 मिलिसेकंद ठेवला, की कर्णिकेची गती 120 च्या वर जाताच 2:1 ब्लॉक होतो. ठोके एकदम निम्म्यावर येतात आणि माणूस ओझ्यासकट फळीच्या मध्यावर थबकतो.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या अडेप्ट चाचणीत सेन्सरने ठोके वाढवले, पण रुग्णांच्या जीवनमानात फरक पडला नाही. म्हणून सेन्सर सरसकट चालू करणे आम्हाला मान्य नाही. अंजायना असलेल्या रुग्णात वरची मर्यादा तर फारच जपून ठरवावी.

इम्प्लांटपूर्वीच विचारा, ‘गोणी कुठल्या खांद्यावर घेता?’ जखम भरून, परवानगीने तो कामावर परतला की हिस्टोग्राम काढा, भराई-उतराईच्या दिवसांशी ताडून पाहा आणि मगच स्लोप बदला. तोवर ओपीडीच्या व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावून ‘सेन्सर ठीक’ असा शेरा कृपया लिहू नका.