जमिनीवरचा वेळ

दीपावलीच्या अंकाचे प्रास्ताविक मंगल आणि प्रसन्न असावे, कलहाची भाषा त्यात येऊ नये, असा संकेत आपल्याकडे रूढ आहे. परंतु ऑगस्ट महिन्यात, अंकाचा मजकूर छापखान्याकडे रवाना होत असतानाच, कॅनडातील विमान कर्मचाऱ्यांच्या संपाचे जे वृत्त आले ते मनातून हलेना, आणि मनात एक व लेखणीत दुसरे ठेवून शुभचिंतन करणे आम्हांस साधत नसल्यामुळे, या वर्षापुरती त्या संकेतातून मोकळीक घेत आहोत.

‘एअर कॅनडा’ कंपनीचा आपल्या विमानसेवकांशी झालेला दहा वर्षांचा करारनामा ३१ मार्च २०२५ रोजी संपला. नव्या कराराच्या वाटाघाटींत वेतनवाढीची मागणी होतीच. पण तंट्याचे खरे मूळ होते ते वेळेच्या मोजणीत. उत्तर अमेरिकेतील बहुतेक विमान कंपन्यांत असा दंडक पडून गेलेला होता की, विमानसेवकाचा ताशी मेहनताना विमान जागचे हलले म्हणजे सुरू व्हावा आणि मुक्कामी पोहोचून थांबले म्हणजे बंद पडावा. त्याआधी प्रवाशांस आसनस्थ करणे, त्यांच्या पिशव्या वरच्या कप्प्यांत कोंबणे, सुरक्षासाहित्याची तपासणी करणे, आणि हवामान बिघडून उड्डाण लांबले तर शेकडो खोळंबलेल्या माणसांचा रोष हसतमुखाने झेलणे, हे सारे बिनपगारी. अंगावर गणवेश आहे, नियम लागू आहेत, हयगय झाली तर शिस्तभंगाची कारवाईही आहे. केवळ खतावणीत त्या वेळेची नोंद नाही. हा दंडक अढळ होता असेही नव्हे. अमेरिकेतील ‘डेल्टा’ कंपनीने २०२२ साली प्रवासी चढविण्याच्या वेळेचे निम्म्या दराने वेतन देण्यास आरंभ केला होता, आणि तो तिच्या विमानसेवकांत संघटना बांधण्याची खटपट चालू असताना केला होता, हा योगायोग मानण्याइतके भोळे आम्ही नाही.

१६ ऑगस्ट २०२५ रोजी ‘एअर कॅनडा’चे दहा हजारांहून अधिक विमानसेवक, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया, कामावरून उतरले. बारा तासांच्या आतच कॅनडाच्या मंत्री पॅटी हायडू यांनी तेथील कामगार संहितेच्या १०७ व्या कलमाचा आधार घेऊन संप मिटविण्याचे आणि तंटा लवादाकडे सोपविण्याचे फर्मान काढले. रेल्वे, बंदरे आणि टपाल या खात्यांतील तंट्यांत २०२४ साली हेच हत्यार उपसले गेले होते, आणि त्याची धार पाहून मालकपक्षास वाटाघाटींत जीव ओतण्याची निकड उरत नाही, अशी कामगारांची रास्त तक्रार होती. आपल्याकडील १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही, विवाद न्यायाधिकरणाकडे सोपविल्यावर चालू संपास मनाई करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवलेला होता. तेव्हा परदेशी सरकारच्या नावे बोटे मोडण्याचा अधिकार आपणांस फारसा नाही. या वेळी मात्र कॅनडातील विमानसेवकांच्या संघटनेने हुकूम मानला नाही. तिचे राष्ट्रीय अध्यक्ष मार्क हॅनकॉक यांनी टोरांटोच्या विमानतळावर त्या हुकुमाची प्रत सर्वांदेखत फाडली आणि प्रसंग पडल्यास तुरुंगात जाण्याचीही तयारी दर्शविली. १९ ऑगस्ट रोजी तडजोड झाली, आणि जमिनीवरच्या वेळेस, निम्म्या दराने का होईना, ‘एअर कॅनडा’त प्रथमच मोल मिळाले.

याहूनही जी गोष्ट आम्हांस विचारणीय वाटली ती पुढे सप्टेंबरात घडली. तडजोडीच्या मसुद्यातील वेतनाचा भाग सभासदांपुढे मतास ठेवला गेला. त्यात पाच वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांस पहिल्या वर्षी १२ टक्के आणि इतरांस ८ टक्के वाढ देऊ केली होती. पुन्हा संपावर जाण्याचा मार्ग तडजोडीनेच बंद झालेला होता, म्हणजे नकाराने पदरात काही पडेल याची हमी नव्हती. तरीही ९९ टक्क्यांहून अधिक मते विरुद्ध पडली. आठ टक्केवाल्यांनी बारा टक्केवाल्यांकडे बोट दाखवून भांडण मांडले नाही, आणि बारा टक्केवाले आपला अधिकाचा वाटा उचलून बाजूस झाले नाहीत. ज्येष्ठतेच्या क्रमाने फेऱ्या वाटून घेणाऱ्या, आणि म्हणूनच आतून विभागलेल्या या पेशात, असे एकमत सहज घडत नसते.

सहज घडत नसते हे आपल्या मुंबईइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असावे? ‘एअर इंडिया’च्या सेवानियमांप्रमाणे विमानसेविकेने वयाच्या ३५ व्या वर्षी, अथवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास तेव्हा, अथवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल त्या क्षणी निवृत्त व्हावे असे बंधन होते, त्याच विमानात तेच ताट वाढणारा पुरुष कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राही. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारिणींच्या खटल्यात २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट अन्याय्य म्हणून रद्द केली, ३५ वर्षांनंतर मुदत वाढवून देण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा अनिर्बंध अधिकारही काढून घेतला. परंतु चार वर्षांच्या विवाहबंदीस कुटुंबनियोजनाची पुस्ती जोडून मान्यता दिली, आणि स्त्री व पुरुष कर्मचारी हे मुळातच निरनिराळे वर्ग असल्यामुळे विषमतेचा प्रश्न उद्भवत नाही असा निर्वाळाही देऊन ठेवला. दोन नियमावल्या मालकाने करावयाच्या आणि नियमावल्या दोन आहेत म्हणून वर्गही दोन ठरवावयाचे, हा तर्क विद्वान न्यायमूर्तींविषयी पूर्ण आदर बाळगूनही आमच्या गळी उतरत नाही.

पुढचा इतिहास अधिक अडचणीचा आहे, कारण तेथे मालकाकडे बोट दाखवून भागत नाही. स्त्रियांनी पन्नाशीत उड्डाण थांबवून जमिनीवरचे काम पत्करावे आणि पुरुषांनी ५८ पर्यंत उडावे, ही व्यवस्था मुंबई उच्च न्यायालयाने भेदभावाची ठरविली, तेव्हा तिच्या रक्षणार्थ सर्वोच्च न्यायालयात गेली ती केबिन क्रूची संघटनाच, आणि २००३ साली ती जिंकलीही. तिच्या सभासद स्त्रियांपैकी अनेकींना पन्नाशीनंतर जमिनीवरचे काम हवेच होते, हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु ज्यांना उडत राहावयाचे होते त्यांचे काय, या प्रश्नास बहुमत हे उत्तर पुरेसे होत नाही. त्यानंतर उड्डाणातील पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांस खुले झाले, तेव्हा पुरुष सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयातही त्यांना अपयश आले. एकाच गणवेशातील माणसे एकमेकांविरुद्ध दरखास्ती करीत असता व्यवस्थापनास फोडाझोडीचे श्रम तरी कशास पडावे?

आकाशातली ही कथा आपल्या लाल डब्यापासून फार दूर नाही. २०१७ च्या ऐन दिवाळीत एस.टी. कर्मचाऱ्यांनी संप केला आणि चौथ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरविला. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास भडकलेला संप तर पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या दोन्ही वेळी गावी निघालेल्या कुटुंबांचे हाल झाले, आणि त्या हालांचा अपलाप करण्याचा आमचा इरादा नाही. मात्र बसस्थानकावर अडकलेल्या प्रवाशाची कैफियत जितक्या विस्ताराने छापली गेली, तितक्या विस्ताराने वाहकाच्या पगाराची चिठ्ठी कोणी वाचकांपुढे मांडली नाही. वस्तीची गाडी घेऊन आडगावी रात्र काढणाऱ्या चालक-वाहकांवरील एक दीर्घ लेख या अंकात म्हणूनच घेतला आहे. तो ठरलेल्या पानांपेक्षा बराच लांबला, आणि त्यात कात्री लावावी अशी व्यवस्थापकांची सूचना होती. आम्ही ती अमान्य करून शब्दकोड्याचे पान कमी केले आहे. कोड्याच्या रसिकांनी रोष आमच्यावर धरावा.

— संपादक